आमचे अण्णा: २८ वर्षं फौजेत, आणि तरी घरातलेच

माळव्याची लेक
३ डिसेंबर, रात्री ९.४०

आमचे अण्णा २० नोव्हेंबरला पहाटे गेले. ऐंशी पूर्ण झाली होती. काल तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि आज इंदूरच्या सुदामा नगरच्या घरात आई, मी आणि धाकटा भाऊ एवढेच उरलो आहोत. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरच्याच संध्याकाळी सुरू झालं होतं. म्हणून लिहायला आजच बसले.

अण्णा १९६३ साली कोर ऑफ सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या संदेशवहनाच्या शाखेत, भरती झाले. बासष्टच्या युद्धानंतर फौज वाढवायचं काम जोरात होतं. जबलपूरला ट्रेनिंग झालं आणि लाइनमन झाले, म्हणजे फील्ड टेलिफोनची तार टाकणारे आणि तुटली की जोडणारे. ६५ पाहिलं, ७१ मध्ये पश्चिम आघाडीवर शकरगडच्या बाजूला होते. शेवटची तीन वर्षं महूला सिग्नल्सच्या जवानांना शिकवलं आणि १९९१ मध्ये सुभेदार म्हणून घरी आले. समर सेवा स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सगळं पत्र्याच्या ट्रंकेत एका धुतलेल्या पंचात गुंडाळून ठेवलेलं आहे. भिंतीवर फ्रेम आहेत त्या आम्हा भावंडांच्या दहावीच्या गुणपत्रिकांच्या.

भेटायला आलेल्या लोकांनी देशसेवेबद्दल खूप चांगलं बोललं. मला मात्र घराबद्दल लिहायचं आहे. वर्षातले दहा महिने हा माणूस आमच्यात नसायचा. तरी वडील नाहीत असं मला लहानपणी एकदाही वाटलं नाही, आणि ते आपोआप झालेलं नाही. त्यासाठी अण्णांनी कष्ट घेतले, तार टाकताना घेत तसेच.

पत्रांचं सांगते. प्रत्येक आंतरदेशीय पत्राच्या डाव्या कोपऱ्यात नंबर. मधलं एखादं गहाळ झालं तर दोन्हीकडे कळावं म्हणून. पत्ता कायम 'मार्फत ५६ एपीओ', म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय, त्यामुळे माणूस बर्फात आहे की वाळवंटात, आम्हाला पत्ता लागत नसे. पत्रात आईसाठी मजकूर असायचा आणि खाली आम्हा प्रत्येकासाठी एकेक प्रश्न. उत्तर द्यावंच लागे. आमची उत्तरं ते एका छोट्या डायरीत उतरवून ठेवत. ती डायरी परवा सापडली. 'मोठीला भागाकार अडतो.' 'धाकट्याचा पुढचा दात पडला, उंदराला दिला.' 'आईचा खोकला, पुढच्या पत्रात पुन्हा विचारणे.' आता मला कळतं की रजेवर आल्यावर दारातच 'काय गं, भागाकार बसला का?' असं कसं विचारायचे. सहा महिने मधे गेलेत असं वाटूच द्यायचे नाहीत.

वर्षाची साठ दिवसांची रजा जमेल तेव्हा भाद्रपदात मागायचे. इंदूरकरांना कारण सांगायला नको. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिलवाल्यांचे सजवलेले चित्ररथ! हुकुमचंद मिल, मालवा मिल, राजकुमार मिल, एकेका मिलची झांकी यायला पहाट व्हायची आणि मी कृष्णपुऱ्याच्या पुलाजवळ त्यांच्या खांद्यावर बसून झोपून जायची. झांकी आली की माझा पाय दाबून उठवायचे.

आणि त्यांचे हात. गच्चीवरची कपडे वाळत घालायची तार तुटली की आम्ही नवी आणायला निघायचो, ते थांबवायचे. दोन्ही टोकं आधी रीफ नॉटने बांधायचे, ताण गाठीवर यावा म्हणून. मग पुढची उरलेली टोकं सोलून एकमेकांत पिळायचे आणि वर टेप. कपड्यांच्या तारेत करंट जात नाही, तिला सोलून काय करायचं, असं मी एकदा म्हटलं. 'सवय मोडायची नसते,' एवढंच म्हणाले. ती तार अजून तशीच आहे. मोजलं, चार जोड आहेत.

एक गोष्ट मला कधीच नीट कळली नाही. १६ डिसेंबरला सगळे विजय दिवस म्हणून फोन करायचे, ते आनंदाने घ्यायचे. पण १७ ला रात्री आठ वाजता ओसरीवर एकटे चहा घेत बसायचे. तेव्हा घरात कुणी बोलायचं नाही, टीव्ही बंद. दरवर्षी.

इथे इंदूर-महूचे बरेच जण आहेत. त्यांना कुणी ओळखत असेल तर लिहा. आईने ते रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायला सांगितलं आहे.

रामबाग गल्ली
३ डिसेंबर, रात्री १०.२५

ताई, भावपूर्ण श्रद्धांजली. रामबागेतल्या जुन्या वाड्यात तुमच्या समोरच्या खोल्या आमच्या होत्या. अण्णाकाका रजेवर आले की वाड्यातल्या सगळ्या पोरांची चैन असायची. खिशात संत्र्याच्या गोळ्या. पण फुकट नाही, आधी अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणून दाखवायचं. मी 'क्यूबेक'ला अडायचो. मागून 'तीव्र?' असं ओरडले की आम्ही सगळ्यांनी 'चौकस!' म्हणायचं. ते सिग्नल्सचं ब्रीदवाक्य आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर आम्ही तो खेळच समजून राहिलो होतो.

माझे वडील मिलमध्ये होते आणि मिल बंद पडल्यावर घरी बसले. तेव्हा काका नुकतेच रिटायर होऊन आले होते. रोज सकाळी सहाला माझ्या वडिलांना हाक मारून फिरायला न्यायचे. दोन वर्षं. पैसे दिले, नोकरी लावली असं काही नाही. फक्त रोज सहाला हाक. त्या दोन वर्षांत वडील कोलमडले नाहीत, ते त्या हाकेमुळे, असं माझी आई आजही म्हणते.

लाइन पार्टी
४ डिसेंबर, सकाळी ७.१०

बेटा, मी स्वतः सिग्नल्सचा. सुभेदार साहेबांच्या हाताखाली महूला शिकलो, ८९ साली. माझं मराठी फौजी आहे, सांभाळून घ्या.

तुझ्या कपड्याच्या तारेबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. तो जोड आम्हाला डोळे बांधून करायला लावायचे. कारण तार रात्रीच तुटते. लोकांना वाटतं गोळ्याने तुटते. गोळ्याने तुटतेच, पण जास्त तोडतात आपलेच टँक आणि गाड्या. चेनखाली केबल आली की गेली. म्हणून रस्ता ओलांडताना केबल एक तर पुरायची, नाहीतर खांबावरून उंच न्यायची. साहेब म्हणायचे, 'आळस करून जमिनीवर टाकलेली तार म्हणजे रात्री दोनला कुणाला तरी बाहेर पाठवणं.'

आणि बाहेर जायचं म्हणजे कसं, ते सांगतो. दोघे जण. बत्ती नाही. केबल हाताच्या मुठीत सैल धरायची आणि ती सरकवत पुढे चालायचं. मधे मधे थांबून टेस्टचा फोन लावायचा. मागचं एक्स्चेंज बोललं तर तूट पुढे आहे, चालत राहा. बोललं नाही तर तूट मागे राहिली. मूठ अचानक रिकामी झाली की तिथं बसायचं आणि दुसरं टोक अंधारात चाचपत शोधायचं. स्फोटानं ते वीस-तीस पावलं लांब फेकलेलं असतं. डिसेंबरात तिकडे गारठा असा की बोटं वळत नाहीत, म्हणून डोळे बांधून सराव.

१७ तारखेचं मला माहीत आहे ते सांगतो. १६ ला ढाक्यात शरणागती झाली, पण पश्चिमेला युद्धबंदी १७ डिसेंबरच्या रात्री आठला लागू झाली. मधला तो दिवस तिथं लढाईचाच होता. साहेबांचा जोडीदार त्याच दिवशी लाइनवर गेला तो आला नाही. क्लासमध्ये एकदाच सांगितलं होतं, नंतर फळा पुसला आणि पुढचा धडा सुरू केला.

माळव्याची लेक
४ डिसेंबर, दुपारी १.०५

काका, तुमचा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. तिला जोडीदाराचं माहीत होतं. आम्हाला नव्हतं. तुमचं मराठी अगदी अण्णांसारखं आहे, एक शब्दही बदलू नका.

वडोदऱ्याची सून
४ डिसेंबर, दुपारी ३.३०

खूप सुंदर लिहिलं आहेस. एक सांगू का? मीही फौजी घरातली. तुझ्या लेखात आई फक्त खोकते आणि पत्र घेते. ते दहा महिने घर कुणी चालवलं? आईंबद्दल लिही ना.

माळव्याची लेक
४ डिसेंबर, रात्री ११.१५

ताई, तुझं बरोबर आहे आणि मला ते लागलं, कारण अण्णा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

आईचं लग्न झालं १९७० च्या मे महिन्यात. दीड वर्षात युद्ध. एकत्र कुटुंब, सासू-सासरे, दोन नणंदा, वाड्यातला सामायिक नळ सकाळी तासभर. मनीऑर्डर यायची त्यात सगळ्यांचं. आमचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, त्यामुळे घरात फौजेचा अभिमान फार, पण माणूस बाहेर असला की घरातल्या बाईच्या वाट्याला काय येतं ते कुणी बोलत नसे. धाकट्याला न्युमोनिया झाला तेव्हा तिने एकटीने अकरा रात्री काढल्या. अण्णांना तार केली होती, पण ते पोचले तेव्हा भाऊ बरा होऊन अंगणात खेळत होता.

रिटायर होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा पहाटे स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, 'तुझी ड्यूटी संपली, आता माझी पाळी.' आई हसली, तिला वाटलं आठवडाभर चालेल. ३३ वर्षं चाललं. चहा, कणीक, दोन्ही वेळच्या पोळ्या. पहिल्या वर्षी पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या. नंतर आईच्या बोटांना संधिवात धरला आणि तोवर ह्यांचा हात इतका बसला होता की होळीला पुरणपोळी तेच करत. पुरण पाट्यावरच वाटायचं, मिक्सर नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून लोक घरी यायचे आणि सुभेदार साहेब तव्यासमोर. बायका आईला म्हणायच्या, 'नशीब काढलंस.' आई म्हणायची, 'नशीब नाही, थकबाकी आहे.' आणि अण्णा तव्यावरून मान हलवायचे, 'अगदी बरोबर.'

मधला मुलगा
५ डिसेंबर, रात्री १२.५०

लिहू की नको असा विचार करत होतो. माझेही वडील फौजेत, इन्फन्ट्री. ग्वाल्हेरला वाढलो. ते आले की घर बराक व्हायचं. शिट्टी, बूट, ताटात काही टाकायचं नाही. पत्र यायचं त्यात पैशांचा हिशेब. ते गेले तेव्हा मी ४२ वर्षांचा होतो आणि त्यांचा आवडता रंगही मला माहीत नव्हता. हा धागा वाचून बरं वाटलं नाही, खरं सांगतो. तुमच्या अण्णांबद्दल आदर आहे. पण सगळ्या फौजी घरांत असं नसतं, हेही इथे नोंदलेलं असावं.

माळव्याची लेक
५ डिसेंबर, सकाळी ९.२०

दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. आमच्याकडेही सगळं गोड नव्हतं. अण्णांचा राग भयंकर होता, रात्री दिवा चालू राहिला की वाडा जागा व्हायचा.

एक आठवण सांगते. मी आठ वर्षांची असेन. अण्णा चौदा महिन्यांनी घरी आले आणि तीन वर्षांचा भाऊ त्यांना बघून किंचाळला. आईच्या पदराआड. 'हा माणूस कोण?' आजी त्याला ओढून पुढे करत होती. अण्णांनी तिला थांबवलं. बाहेर ओट्यावर जाऊन बसले, समोर भुईमुगाच्या शेंगांचं सूप. शेंगा सोलायच्या, दाणे एका वाटीत टाकायचे. हाक नाही, बघणं नाही. जेवायला आत, झोपायला आत, बाकी ओट्यावर. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ गेला आणि वाटीतला एक दाणा उचलला. अण्णांनी मान वर केली नाही. दुसरा उचलला. संध्याकाळी तो त्यांच्या मांडीवर होता.

त्या तीन दिवसांत त्यांना काय वाटलं असेल, ते मी स्वतः आई झाल्यावर समजले. पण तुमच्या वडिलांना ओट्यावर बसायला कुणी शिकवलं नसेल. तेही कुठल्या तरी ओल्या खंदकातूनच आले असतील. तुम्ही इथे येत राहा.

मधला मुलगा
५ डिसेंबर, सकाळी १०.०२

येईन. धन्यवाद.

जुना पीपीओ
६ डिसेंबर, सायंकाळी ५.४५

श्रद्धांजली. जरा व्यवहाराचं लिहितो, रागावू नका, कारण यात लोक अडकतात. आईंच्या फॅमिली पेन्शनसाठी फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर मृत्यूची नोंद लवकर करा आणि बँकेलाही कळवा. कळवायला उशीर झाला आणि पेन्शन जमा होत राहिलं, तर ते नंतर परत वसूल होतं. पीपीओवरचं, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचं, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आधी बघा. आपल्या मराठी घरांत लग्नात नाव बदलतात, आणि तिथंच घोळ होतो. माझ्या आईचं सर्व्हिसच्या कागदात माहेरचं नाव, आधारवर सासरचं. सात महिने हेलपाटे घातले, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर.

माळव्याची लेक
६ डिसेंबर, रात्री ८.३०

रागावू कशाला? उलट अण्णांचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं. त्यांची एक निळी फाइल आहे, वर स्वतःच्या अक्षरात 'मी गेल्यावर'. आत डिस्चार्ज बुक, पीपीओ, दोघांचा जॉइंट फोटो, ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेची) कार्डं, पासबुक, आणि एका कागदावर पहिल्या दिवशी काय, पहिल्या आठवड्यात काय. आईच्या दोन नावांचं त्यांनी वीस वर्षांपूर्वीच जबलपूरच्या सिग्नल्स रेकॉर्ड्सला लिहून सुधारून घेतलं होतं. त्या बदलाच्या फौजी नोंदीची, म्हणजे पार्ट टू ऑर्डरची, प्रत फाइलमध्ये आहे, तीन झेरॉक्ससह. भावाने कागद बघत बघत चार दिवसांत सगळे अर्ज केले.

हयातीचा दाखला एरवी नोव्हेंबरात द्यायचा असतो. ऐंशी झालेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. यंदा १ ऑक्टोबरला सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून देऊन आले आणि येताना सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणली. ऐंशीचा पहिला फायदा, म्हणाले.

नवा सभासद
७ डिसेंबर, दुपारी १२.१०

नमस्कार. अंत्ययात्रेत तिरंगा होता का? एवढ्या मोठ्या सैनिकाला तो मान मिळायला हवा.

माळव्याची लेक
७ डिसेंबर, दुपारी २.४०

नव्हता. फाइलमधल्या कागदावर सातव्या ओळीत लिहिलं होतं: 'तिरंगा मागायला कुणाकडे जायचं नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्यासाठी राहू द्या.' आम्ही साधी पांढरी शाल घातली. महूहून काही जुने सहकारी आले होते, ऐंशीच्या घरातले, काठ्या टेकत. भडाग्नी देण्याआधी त्यांनी काठ्या बाजूला ठेवल्या आणि सॅल्यूट केला. एकाचा हात थरथरत होता, पण त्याने शेवटपर्यंत खाली घेतला नाही.

पुणे मुक्काम
१४ डिसेंबर, रात्री ९.००

मी हिचा धाकटा भाऊ, तो शेंगावाला. ट्रंक आवरताना तळाशी मनीऑर्डरच्या पावत्यांचा गठ्ठा मिळाला. पहिली १९७२ ची, दरवर्षी डिसेंबरात एक, कोकणातल्या एका बाईंच्या नावे. सुरुवातीला २० रुपये, पुढे वाढत गेले. १९९८ ची मनीऑर्डर परत आलेली आहे, त्यावर पोस्टमनने लिहिलंय, 'मालक मयत'. त्या पावतीला अण्णांनी स्टेपल केलेला दुसरा कागद आहे. त्या वर्षीची तेवढीच रक्कम सैनिक कल्याणच्या ध्वजनिधीत भरल्याची पावती. त्याही पुढे दरवर्षी आहेत, गेल्या डिसेंबरपर्यंत.

यंदाची मी ७ तारखेला ध्वजदिनाला भरायला हवी होती. पावत्या तेव्हा मिळाल्याच नव्हत्या. आज भरली.

लाइन पार्टी
१४ डिसेंबर, रात्री ९.३५

ती त्या जोडीदाराची आई. जय हिंद, बेटा.

माळव्याची लेक
१७ डिसेंबर, रात्री ११.२०

आज १७.

साडेसातला मी टीव्ही बंद केला आणि भावाला खुणेनं गप्प बसवलं. आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन ओसरीवर आली, अण्णांच्या खुर्चीत नाही, शेजारच्या पाटावर बसली, आणि म्हणाली, 'बोला रे काहीतरी.'

आम्हाला कळेना.

मग ती म्हणाली, 'मला हे गप्प बसणं कधी आवडलं नाही. त्यांचं दुःख होतं, म्हणून मी बसले. पण माझंही त्या दिवशी काहीतरी होतं ना. ते मला कुणी विचारलं नाही.'

आम्ही विचारलं. मग ती बोलत राहिली, आठपासून साडेदहापर्यंत. वाड्यात रेडिओ एकाच घरी होता, त्यांच्या खिडकीखाली सगळ्या बायका उभ्या राहून बातम्या ऐकायच्या. युद्धबंदी झाली तरी माणूस आहे की नाही ते रेडिओ सांगत नव्हता. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की तिची सासू देवघरात जाऊन बसायची आणि ही दारात. पत्र २९ डिसेंबरला आलं. नंबर होता ३४. तिनं आधी तोच बघितला, ३३ नंतर ३४ आहे ना, मधे काही राहिलं नाही ना. आत मजकूर दोन ओळींचा. 'आज गरम पाणी मिळालं, दाढी केली. मी ठीक आहे, तू खाऊन घे.'

'आणि मी खाल्लं,' आई म्हणाली. 'सकाळचा भात होता, गार. दारातच बसून खाल्ला.'

मग उठली, कप विसळले, आणि सकाळच्या उसळीसाठी मटकी भिजत घातली.